आठ कॉम्प्युटर, एक माणूस

जालन्याच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात मी तेव्हा शिकवत होते, पण कच्ची. कच्ची म्हणजे मे महिन्यात घरी बसवायचं आणि जूनमध्ये गरज पडली तर परत बोलवायचं. प्राचार्यांनी तोंडावरच सांगितलं होतं, या सत्रात एम.ई. झालं तर पक्क्या जागेच्या मुलाखतीला बसा, नाही तर जागा दुसऱ्याला जाईल. माझे पेपर सगळे निघाले होते. राहिला होता प्रोजेक्ट, आणि तो बाहेरून येणाऱ्या परीक्षकांसमोर आमच्या लॅबमध्ये चालवून दाखवायचा होता.

प्रोजेक्ट म्हणजे एक लांबलचक गणित. एका कॉम्प्युटरचा ते अख्खा दिवस खायचं, म्हणून मी ते आठ कॉम्प्युटरांत वाटून दिलं होतं. जिल्ह्यात तालुके आठ, म्हणून आठांना तालुक्यांची नावं. मी बसायचे ‘जालना’समोर. काळ्या पडद्यावर एकच ओळ टाइप करायची: एमपीआयरन ही आज्ञा, पुढे एनपी आठ म्हणजे आठ यंत्रं, मग तालुक्यांच्या यादीची फाईल, शेवटी प्रोग्रामचं नाव. एंटर दाबलं की आठही एकदम कामाला जुंपले जायचे. बाकीच्या सातांसमोर ना माणूस, ना कीबोर्डला कुणाचा हात. पडदेसुद्धा बंद. आत नुसते पंखे घुमायचे. ग्यानबाची मेख एवढीच, की त्यातला एक जरी मधेच गेला तर उरलेले त्याच्या उत्तराची वाट बघत बसून राहायचे. मग पुन्हा पहिल्यापासून सगळं.

परीक्षेच्या दिवशी अण्णा, म्हणजे माझे वडील, मंठ्याकडून सकाळच्या एस.टी.नं आले. मी बोलावलं नव्हतं. लेक एवढी रात्रंदिवस काय करती ते एकदा बघावं म्हणून आले, म्हणाले. धुतलेलं धोतर, नवी टोपी. मला बरं वाटलं आणि धाकधूकही झाली. लॅबच्या दाराशी एक खुर्ची दिली आणि इथंच बसा म्हटलं. परीक्षक आले तसे ते उठून उभे राहिले, आणि परीक्षक बसेपर्यंत बसले नाहीत.

मी ओळ टाइप केली. आठही तालुके चालू झाले. उत्तर यायला पाऊण तास तरी लागणार होता, म्हणून आमचे विभागप्रमुख परीक्षकांना चहाला घेऊन गेले आणि मलाही चला म्हणाले. नाही कसं म्हणणार? आम्ही केबिनमध्ये बसतो न बसतो तोच लाईट गेली. भारनियमनाला अजून वेळ होता, पण वेळापत्रक काय, भिंतीवर लावायला असतं. मला चिंता वाटली नाही. लॅबला बॅटरीचा यूपीएस होता आणि तो आठही कॉम्प्युटरांना तासभर आरामात ओढायचा. मी चहा घेतला, परीक्षकांच्या प्रश्नांना उत्तरं दिली, आणि ती बराबर दिली.

परत आलो तर लॅबमध्ये नको इतकी शांतता. यूपीएस तेवढा टूंटूं करत होता. ‘जालना’ चालू होता आणि पडद्यावर काहीच हलत नव्हतं. बाकीचे सात बंद. मंठा, परतूर, अंबड, सगळे. अण्णा माझ्या टेबलाजवळ उभे होते आणि खुशीत होते.

“तुझं एकटीचंच चालू ठेवलं, बाई,” ते म्हणाले. “बाकीचे रिकामेच घुमून राह्यले होते. म्या बंद केले. आता तुला फुल दाब भेटतो बघ.”

ज्यानं शेती बघितली नाही त्याला यातलं काही कळायचं नाही. आमच्याकडे आठ-दहा शेतकऱ्यांच्या विहिरीवरच्या मोटारी एकाच डीपीवर, म्हणजे ट्रान्सफॉर्मरवर, असतात. सगळ्या चालू झाल्या की विजेचा दाब उतरतो आणि कुणाचीच मोटार पाणी उचलत नाही. मग ज्याचं पीक सुकायला आलंय तो बाकीच्यांच्या हातापाया पडतो: बाबांनो, घडीभर बंद करा, माझं भिजू द्या. अण्णांनी आयुष्यभर हेच केलं, दुसऱ्यांसाठीही आणि स्वतःसाठीही. लाईट गेली, यूपीएस बोंबलायला लागला. समोर सात यंत्रं माणसाविना चालू. त्यांनी टेबलामागची बटणं एकेक करून बंद केली. लेकीचं भिजू द्यायला.

हे सगळं मला नंतर सुचलं. तेव्हा माझं डोकंच फिरलं. परीक्षक आहेत, साहेब आहेत, कशाचं भान राहिलं नाही, आणि शिकलेली भाषा कुठल्या कुठे गेली. “अण्णा, तुमाला कोण सांगितल्तं हात लावायला? माझी नोकरी गेली आता!” मी ओरडले. ओरडणार नाही तर काय करणार? त्या मिनिटाला ती खरंच गेली होती.

अण्णांनी हात मागे घेतले. बाहेर जाऊन व्हरांड्याच्या कडेला बसले.

परीक्षकांच्या गाडीला वेळ होता, पण एवढाही नव्हता. त्यांनी घड्याळ बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि लाईट आल्याबरोबर एकदा पुन्हा चालवा म्हणाले. निघायच्या आत उत्तर आलं तर ठीक. लाईट आली. मी सातही सुरू केले, तीच ओळ पुन्हा टाइप केली. घाईत प्रोग्रामचं नाव दोनदा चुकलं. परीक्षक बॅग मांडीवर घेऊन बसले होते. ते उठायच्या बेतात असताना पडद्यावर आठही तालुक्यांचं मिळून उत्तर आलं. त्यांनी ते ताडून बघितलं आणि सही केली.

मी पळत बाहेर आले तर व्हरांडा रिकामा. शिपाई म्हणाला, बाबा मघाशीच स्टँडवर गेले, आणखी काही बिघडू नये म्हणाले. दुसऱ्या दिवशी गावातल्या फोनवर अण्णांना बोलावून घेतलं आणि सांगितलं की झालं, पास झाले. “बरं झालं,” एवढंच म्हणाले.

यथावकाश मी पक्की झाले. घर बांधलं, घरात कॉम्प्युटर आला. एका थंडीत अण्णा राहायला आले. एका संध्याकाळी मी कॉलेजातून आले तर सगळ्या गल्लीत उजेड आणि आमचं घर तेवढं काळंकुट्ट. दार लोटलं तर अण्णा पलंगावर अंधारात बसलेले. मी चिडलेच. म्हटलं, लाईट असताना हे काय, पडला असता म्हणजे?

“कोणतं बटन कशाचं, मला काय ठाव,” ते म्हणाले. “तुझं आत काही चालू असंल, म्हणून न्हाई लावला हात.”

आत काहीच चालू नव्हतं. मला रडू आलं, त्यांच्यासमोरच.