फळीवाल्या काकांचं रक्त

लहान मुलांचे केस कापणं सोपं काम आहे असं ज्याला वाटतं, त्याने फळीवाल्या काकांना विचारावं. खुर्चीच्या दोन हातांवर आडवी फळी टाकायची, तिच्यावर रडकं पोर बसवायचं आणि त्याच्या तोंडाशी तोंड नेऊन कात्री चालवायची, यात काकांचा जन्म गेला. पोरं खोकायची, शिंकायची, तीही थेट काकांच्या तोंडावर. शिंक आली की काकांचा कात्रीचा हात आपसूक वर जाई. तोंड मात्र जागच्या जागी राही. तोंड फिरवलं तर पोर आणखी बिथरतं, असं त्यांचं म्हणणं.

दुकान चालू होतं तेव्हा आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरीणबाईंनी तान्ह्या बाळांपासून म्हाताऱ्यांपर्यंत सगळ्या वयांच्या लोकांचं रक्त तपासलं होतं. डांग्या खोकल्याच्या जंतूशी लढायची शक्ती कोणाच्या रक्तात किती, हे त्यांना बघायचं होतं. तान्ह्यांकडे आईकडून आलेली थोडी उसनी, ती लवकरच सरते. मोठ्यांकडे जंतूशी पुन्हापुन्हा गाठ पडून साठलेली. काकांनी लस कधी घेतली नव्हती, तरी त्यांचं रक्त सगळ्यांत वरचढ निघालं. मग काय विचारता! गिऱ्हाईक खुर्चीत बसायचा अवकाश, काका सुरू व्हायचे, "माझ्या रक्तात अख्ख्या गल्लीची पोरं आहेत, साहेब!"

पुढे हात थरथरायला लागला. एका मुलाच्या कानाशी कात्री डगमगली, त्याच दिवशी काकांनी दुकान बंद केलं. बायको आधीच गेलेली, लेक लांबच्या शहरात. खुर्ची विकली, फळी तेवढी घरी आणून पलंगाशेजारी टेकवून ठेवली. दाराची कडी वाजायची ती दूधवाल्यापुरती, आणि दूधवाल्याची तब्येत कायम ठणठणीत. काका पार एकटे पडले होते, फक्त कबूल करत नव्हते.

लेकीला मुलगी झाली तेव्हा ते पिशवी भरूनच बसले. लेक फोनवर म्हणाली, "बाबा, बाळाच्या लसी व्हायच्यात अजून. मोठ्या माणसांकडून डांग्या खोकला यायला नको. तुम्ही जरा नंतर या ना."

"अगं, माझं रक्त माहितेय ना तुला? परत तपासून घेतो, मग तर झालं?"

डॉक्टरीणबाईंनी निकाल दोनदा पाहिला. "काका, शक्ती बरीच उतरलीये. जंतू अधूनमधून भेटत राहिला तर शरीराला त्याची आठवण राहते, नाहीतर ते हळूहळू विसरतं. हल्ली मुलं येत नाहीत का तुमच्याकडे?"

जे आपण कुणाला सांगितलं नाही ते रक्ताने परस्पर सांगून टाकावं, याचं काकांना फार वाईट वाटलं. बाईंनी लस टोचली, ती त्यांनी निमूट टोचून घेतली.

घरी येऊन लेकीला फोन लावला. थाप मारावी असं मनात येऊन गेलं, पण पलीकडे तान्हं बाळ होतं.

"रक्तातली शक्ती कमी झालीये गं," काका म्हणाले. "माझ्याजवळ कुणी खोकलंच नाही ना इतक्या दिवसांत, म्हणून. लस घेतलीये मी."

लेक "बाबा..." एवढंच म्हणाली, आणि तेवढ्यात तिच्या कुशीतलं बाळ शिंकलं, अगदी फोनपाशी.

काकांचा रिकामा उजवा हात आपसूक वर गेला. तोंड त्यांनी फोनपासून तसूभरही हलवलं नाही.