मुखवटेवाल्यानं बोलावं की नाही

माझा दादा सोनपेठमध्ये पेंटर म्हणून ओळखला जायचा. दुकानांच्या पाट्या, शाळांच्या भिंतींवरचे नकाशे, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवरची नावं, सगळं त्याच्या हातचं. काम करताना तोंड सतत चालू. शिडीवर उभा राहून खालून जाणाऱ्या प्रत्येकाला काही ना काही विचारायचा आणि उत्तर मिळालं की त्यावर अजून बोलायचा. गावात फ्लेक्स आले तसं त्याचं काम कमी झालं. बोलणं तेवढंच राहिलं.

मग घशात काहीतरी टोचायलंय म्हणून आम्ही त्याला नांदेडला नेलं. टोचत होतं ते काय आहे हे कळायला तीन आठवडे गेले. डॉक्टरांनी स्वरयंत्र काढून टाकलं. गळ्याखाली एक छिद्र राहिलं, श्वास तिथूनच. दादा शुद्धीवर आला, मला बघून त्यानं ओठ हलवले आणि काहीच ऐकू आलं नाही. ऑपरेशनच्या आधी त्याला सगळं सांगितलेलं होतं, तरी त्यानं दोनदा हलवून बघितले.

मी पाथरीला शाळेत शिकवते. दर रविवारी एसटीनं सोनपेठला दादाकडे जायचे. सुरुवातीला त्याला शाळेतली एक पाटी नेऊन दिली. त्याला जे म्हणायचं ते तो पाटीवर लिहायचा. वहिनीला वाचायला वेळ लागतो, ती अक्षर अक्षर जुळवत वाचते. दादाला तेवढा धीर नसे. तिचं अर्धं वाचून होईपर्यंत तो पाटी पुसून टाकायचा आणि खिडकीकडे तोंड करून बसायचा. त्या घरात मला तेव्हा फार वेळ बसवत नसे.

शेवटी मी त्याला माझा जुना मोबाईल दिला आणि मराठी टाईप करायला शिकवलं. महिनाभरात तो माझ्यापेक्षा वेगानं लिहायला लागला.

मोबाईलवर त्याला एक ग्रुप सापडला. लहानपणी बसस्टँडवरच्या टपरीत भाड्यानं कॉमिक्स मिळायची. त्यातल्या एका नायकावर दादाचा फार जीव. तो नायक दिवसा एका शाळेत शिपाई असतो आणि कुणावर अन्याय झाला की कापडी मुखवटा बांधून निघतो. मुखवटा चढवला की तो एक शब्दही बोलत नाही. आवाजावरून ओळखतील, असं दादानं मला तेव्हा समजावून सांगितलं होतं. मी ती पुस्तकं वाचायचे नाही, पण गोष्टी सगळ्या दादाच्या तोंडून ऐकलेल्या. त्या नायकाच्या जुन्या वाचकांचा हा ग्रुप होता. कुठकुठली माणसं होती. त्यांना दादाचं नाव माहीत होतं, गाव माहीत होतं. त्याला आवाज नाही हे माहीत नव्हतं. लिहिण्यात सगळे सारखेच असतात. दादा तिथं दिवसभर बोलायचा, अगदी शिडीवरून बोलायचा तसा.

त्याच वर्षी त्या कॉमिक्सवर हिंदी सिनेमा येणार असं कळलं. पहिलं पोस्टर आलं, त्यात मुखवटा अर्धा फाटलेला आणि खालून नटाचा चेहरा दिसणारा. ग्रुप भडकला. दादानंही लिहिलं, "नटाचं तोंड इकायचं असंल तर मुखवटा कशाला पाहिजे." त्याला सगळ्यांनी शाबासकी दिली. त्यानं तो मेसेज मला चार वेळा दाखवला.

मग छोटी झलक आली. त्यात मुखवटेवाला चक्क बोलला. हिंदीत एक वाक्य होतं. मराठीत सांगायचं तर, इतकी वर्षं तुमचं ऐकत आलो, आज तुम्ही माझं ऐकायचं, असं काहीसं. कंपनीनं ते वाक्य टी-शर्टवर छापलं आणि लोकांना सांगितलं की या वाक्यावर ओठ हलवून आपापले व्हिडिओ टाका. निवडक लोकांना पहिल्या खेळाला बोलावणार होते.

ग्रुपमध्ये नाशिकचे एक गृहस्थ होते. त्यांच्याकडे सगळे अंक जपून ठेवलेले, त्यामुळे त्यांच्या शब्दाला वजन. त्यांनी लिहिलं की ही जाहिरात म्हणजे नायकाचा खून आहे. जाहिरातीसाठी एक वाक्य घुसडलं, आता तेच सिनेमात राहणार. आपण सगळ्यांनी कंपनीला पत्र लिहायचं. एकापाठोपाठ एक सगळे हो म्हणाले. दादानं एकट्यानं लिहिलं, "बोलू द्या की त्याला."

त्यावर दोन-तीन दिवस नुसती खडाजंगी. नाशिकच्या गृहस्थांनी शेवटी विचारलं, "तुम्ही कंपनीचे माणूस आहात का?" दादा चिडला, पण आपलं म्हणणं त्यानं सोडलं नाही.

त्याला एवढं काय पडलंय हे मला तोपर्यंत कळलं नव्हतं. एका रविवारी मी गेले तर वहिनी बाहेर ओट्यावर तांदूळ निवडत बसलेली. मी चप्पल काढताना आतून एका पुरुषाचा खणखणीत आवाज आला.

"कोण आलंय?" मी विचारलं.

"कोणी न्हाई," वहिनी खाली मान घालून म्हणाली. "सकाळपासून बोलायलेत."

मी दारातून बघितलं. दादानं मोबाईल डब्याला टेकवून उभा केला होता. गळ्याला मफलर गुंडाळलेला. झलकेतलं ते वाक्य वाजायचं आणि दादा त्यावर ओठ हलवायचा. पहिल्यांदा ओठ जरा मागे पडले. त्यानं मान हलवली, पुन्हा लावलं. तिसऱ्यांदा ते इतकं जुळलं की मला खरंच दादा बोलल्यासारखा वाटला. आवाज त्याचा नव्हता, त्याचा आवाज पातळ होता, तरी वाटलं. मी मागे सरकले आणि वहिनीजवळ येऊन तांदूळ निवडायला बसले.  तो व्हिडिओ त्यानं कुठंही टाकला नाही.

पुढच्या महिन्यात ग्रुपनं पत्राचा निकाल लावायला एक बैठक ठेवली. बैठक मोबाईलवरच होणार होती, पण लिहून नाही, बोलून. ज्यांना मत मांडायचं त्यांनी प्रत्येकी दोन मिनिटं बोलायचं. रविवारी दुपारी चारला. मी पोचले तेव्हा दादानं एक कागद तयार ठेवला होता. माझ्या हातात देऊन त्यानं पाटीवर लिहिलं, "बाई, तू वाचशील का?"

मी हो म्हणाले. आधी एकदा वाचून घ्यायला हवं होतं, पण तेवढ्यात बैठक सुरू झाली. दादा माझ्यासमोर पाटावर बसला. वहिनी दाराशी. सात-आठजण बोलून झाले, सगळे पत्राच्या बाजूनं. मग दादाचं नाव पुकारलं. मी सांगितलं की मी त्यांची बहीण, त्यांचं मत वाचून दाखवते, आणि वाचायला लागले.

"आमी लहानपणापासून ह्याला वाचायलोत. पोस्टर वंगाळ हाय, टी-शर्ट वंगाळ हाय, ते मला मान्य हाय. कंपनी तिकिटं इकायला बसलीय, ती इकणारच. पण त्याच्या तोंडात वाक्य दिलं ते मला वंगाळ वाटलं न्हाई. तो गप राहतो म्हणून आपल्याला लय भारी वाटतो. त्याला कसं वाटतंय हे कोणी इचारलंय का? गप राहणं लय अवघड असतंय."

त्याखाली एकच ओळ होती. "माझा आवाज काढून टाकल्याला चौदा महिने झाले, म्हणून सांगायलोय."

मी ती ओळ बघितली आणि थांबले. त्या क्षणी मला एवढंच वाटलं की आता ही सगळी अनोळखी माणसं अरेरे म्हणणार. कुणीतरी दादाला प्रार्थनेचं चित्र पाठवणार. एवढी एकच जागा होती जिथं त्याच्याशी लोक भांडत होते. मी "धन्यवाद" म्हटलं आणि कागद खाली ठेवला.

कुणीतरी हसलं. "गप्प राहणं अवघड असतं म्हणे. यांना तर जमतच नाही, दिवसाला पन्नास मेसेज असतात." मग अजून काहीजण हसले. नाशिकचे गृहस्थ म्हणाले, "ताई, ज्याचं मत आहे त्यानं स्वतः का बोलू नये?"

"त्यांची तब्येत बरी नाही," मी म्हणाले.

"बरं," ते म्हणाले आणि पुढच्याचं नाव घेतलं. पत्र मंजूर झालं.

मी मोबाईल बंद केला. दादानं पाटी ओढली. "शेवटची ओळ?"

"दिसली नाही, दादा. खाली होती ना."

तो माझ्याकडे बघत राहिला. वाचताना माझे डोळे त्या ओळीवर गेले होते हे त्यानं समोर बसून बघितलेलं होतं. मी मान खाली घातली. त्यानं पाटी पुसली आणि लिहिलं, "चहा घे."

त्यानंतर त्यानं ग्रुपवर एक अक्षर लिहिलं नाही. वाचायचा मात्र रोज. दोन आठवड्यांनी माझ्यानं राहवेना. मी म्हणाले, "दादा, चुकलं माझं. मला ती ओळ दिसली होती. तू आता लिही ना, तूच लिही."

त्यानं मान हलवली. "आता लिहिलं तर रडगाणं वाटंल," त्यानं मोबाईलवर टाईप करून दाखवलं. आणि थोडं थांबून, "त्या दिवशी मुद्दा होता."

रागावला असता तर मला बरं वाटलं असतं.

उन्हाळ्यात त्याच्या मानेच्या डाव्या बाजूला गाठ आली. पुन्हा नांदेड. या वेळी डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून सांगितलं आणि मी आत आल्यावर दादानं माझ्या चेहऱ्यावरून ओळखलं. सिनेमा दिवाळीला येणार होता, तो पुढे ढकलला. ती बातमी दादानंच मला दाखवली. तारीख बरीच पुढची होती. त्यानं मोबाईल उलटा ठेवला आणि मी त्याची औषधं मोजायला घेतली. दिवाळी झाल्यावर एका मंगळवारी वहिनीचा फोन आला तेव्हा मी पाचवीच्या वर्गावर होते. मी पोचेपर्यंत तो गेला होता.

दहावा झाल्यावर मी त्याचा मोबाईल चार्ज केला. ग्रुपवर कळवायला हवं होतं. मी लिहिलं की माझे भाऊ वारले, त्यांना घशाचा कॅन्सर होता. बैठकीत माझ्याकडून त्यांची एक ओळ वाचायची राहिली होती, ती अशी. आणि ती ओळ जशीच्या तशी लिहिली.

 एकेकाचं उत्तर यायला लागलं. संध्याकाळी नाशिकच्या गृहस्थांचा फोन आला. आवाजावरून माझ्या वडिलांच्या वयाचे असावेत.

"ताई, त्या दिवशी मी हसलो नाही," ते म्हणाले. "पण हसणाऱ्यांना थांबवलंही नाही."

"तुम्हाला माहीत नव्हतं. ओळ मीच वाचली नाही."

"का नाही वाचली?"

मी सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "वाचली असती तरी आम्ही पत्र पाठवलंच असतं, तुम्हाला खोटं सांगत नाही. पण त्यांच्याशी नीट भांडलो असतो. मला कळलं असतं की हे का म्हणताहेत."

मला त्या माणसाचा राग यायला हवा होता, पण आला नाही. दादाला तेवढंच हवं होतं बहुतेक.

पत्रं फक्त याच ग्रुपनं पाठवली नसणार, ठिकठिकाणच्या वाचकांनी पाठवली असणार. कारण सिनेमा लागायच्या आधी कंपनीनं जाहीर केलं की चाहत्यांच्या भावनांचा मान राखून मुखवट्यातले संवाद काढले आहेत. ग्रुपवर फटाक्यांची चित्रं आली. नाशिकच्या गृहस्थांनी मात्र काही टाकलं नाही.

परभणीला सिनेमा लागला. पहिल्या रविवारी मी दुपारच्या खेळाला एकटीच गेले. गर्दी होती. झलकेत ज्या ठिकाणी वाक्य होतं ती जागा आली, गच्चीवरचा पाऊस, समोर गुंड. मुखवटेवाला पुढे आला, थांबला, आणि नुसता बघत राहिला. लोकांनी शिट्ट्या मारल्या. माझ्या शेजारचा माणूस म्हणाला की हे बरोबर केलं, हेच पाहिजे होतं. दिसायला ते खरंच चांगलं होतं. दादानं ते बघून काय म्हटलं असतं हे मी ठरवायचा प्रयत्न केला आणि मला जमलं नाही. त्याच्या वतीनं ठरवायची सवय मला बैठकीच्या दिवसापासून नकोशी झाली होती.

बाहेर आल्यावर वहिनीला फोन लावला.

"कसा हाय?" तिनं विचारलं.

"बरा आहे. मारामारी लय आहे."

"बोलला का मग तो?"

"न्हाई, वहिनी."

"एकदाबी?"

"एकदाबी न्हाई."

 मग ती म्हणाली, "जेवलीस का तू?"

नाही म्हणाले. "मग इकडंच ये," ती म्हणाली. "एकटीसाठी चूल पेटवू वाटत न्हाई." दुसऱ्या दिवशी शाळा होती, तरी मी पाथरीला उतरले नाही. तशीच पुढे सोनपेठला गेले.