खोबरेलावर तरंगलेला फेस

"हा कोंडा नाही, स्काल्प सोरायसिस आहे," डॉक्टर म्हणाले, तेव्हा पुरावा माझ्या काळ्या कुर्त्यावर सांडलेलाच होता.

म्हणजे टाळूची कातडी फार वेगाने तयार होते आणि तिचे पापुद्रे पडतात. संसर्गजन्य नाही. हे वाक्य पाटीवर लिहून गळ्यात घालावंसं वाटलं. पण मग लोकांनी पाटी वाचली असती.

महिन्याने चुलतबहिणीचं लग्न होतं आणि मी करवली. गडद जांभळ्या साडीत, प्रत्येक फोटोत नवरीमागे. घराबाहेर कुणाला सांगायचं नाही, अशी शपथ मी काकूला घातली.

औषध होतं स्टिरॉइड फोम. मलम केसांनाच चिकटतं. फेस टाळूवर विरतो, द्रव उडून जातो, औषध आत शिरतं. बोटांच्या उबेने तो वितळतो, म्हणून मी गार वाटीत घ्यायचे. दुसऱ्याच दिवशी बाबा आइस्क्रीम समजून चमचा घेऊन आले.

दोन आठवड्यांत फरक शून्य. फेस ओघळून कानात जायचा. आमच्या नल्लकुंटा भागातल्या त्याच दवाखान्यात पुन्हा गेले, काकू सोबत आली. डॉक्टरांनी टाळूला बोट लावलं. बोट चमकलं.

"ये क्या है अम्मा?" त्यांनी काकूला आपल्या दख्खनी हिंदीत विचारलं.

"खोबरेल," काकू अभिमानाने म्हणाली. "कोरड्या डोक्याला इतकं कडक औषध कसं लावायचं? आधी मी रोज चोळते."

"तेल के ऊपर दवा डाले तो अंदर कैसा जाती?"

 घरी आल्यावर खोबरेलाची बाटली काकूने स्वतःच माळ्यावर ठेवली.

लग्नापर्यंत पापुद्रे बरेच कमी झाले. केस मात्र झाडूसारखे. पंगतीत नवरदेवाच्या मावशी काकूला म्हणाल्या, "पोरीचं डोकं किती कोरडं हो! घरात तेल लावणारं कुणी नाही वाटतं?"

काकू लाल झाली, पण शपथ पाळून जिलबीकडे बघत राहिली. तिचं ते गप्प बसणं मला बघवेना.

"मला सोरायसिस आहे," मी म्हटलं. जरा मोठ्यानेच. "डॉक्टरांनीच काकूला मनाई केलीय, माझ्या डोक्याला तेल लावू नका म्हणून."

मावशींनी इकडेतिकडे पाहिलं, पदर सावरला आणि माझ्याकडे झुकल्या. "माझं कोपर बघतील का गं ते?"

औषधाचं नाव मी सांगितलं नाही, दवाखान्याचा पत्ता दिला. हा आजार पुन्हा डोकं वर काढेल, हे मला माहीत आहे. तुमच्याकडेही असा फेस आला तर डॉक्टरांना सगळं सांगा, तेलाचं आधी. आणि तुमच्या काकूला शपथ घालू नका. ती पाळते.