गोलातल्या सह्या

माझ्या बायकोच्या मामांइतका निरुपयोगी क्रांतिकारक अख्ख्या सिंधुदुर्गात दुसरा झाला नसेल. उमेदीत ते रेडी बंदरावर लोखंडाचं खनिज भरायला होते. तिथे कामगारांनी संप करून युनियनचा हक्क कसा मिळवला, हा त्यांचा जन्माचा विषय. सत्यनारायणाच्या पूजेत भटजी पाणी प्यायला थांबले, तेवढ्यात यांनी संप सुरू केला. दर खेपेला त्या संपाचे दिवस वाढत. माझ्या अंदाजाने मामा जन्माआधीपासूनच संपावर असावेत. एका लग्नात वाढप्यांनी आधी जेवावं म्हणून यांनी पंगत अडवली. न्हाव्याला तर दाढी निम्मी झालेली असताना साप्ताहिक सुट्टीचा हक्क असा पटवला, की तो दुकान बंद करून निघून गेला. मामा अर्ध्या दाढीनिशी घरी आले, तेही विजयी मुद्रेने.

मी काजूच्या कारखान्यात सुपरवायझर. काजूच्या चिकाने हात भाजतात म्हणून गेल्या वर्षी तिथल्या बायकांनी हातमोजे मागितले. मालकाने सगळ्यात पुढे बोलणारीला काढून टाकलं. तेव्हा बाकीच्या युनियन करायची म्हणून मामांकडे आल्या. मामा आमच्याकडेच राहत, म्हणजे आल्या त्या माझ्याच पडवीत! म्हटलं, आता हे भाषण ठोकणार आणि उरलेल्यांच्याही नोकऱ्या घालवणार.

मामा बोललेच नाहीत. ऐकत राहिले. मालकाला द्यायच्या पत्रावर पहिली सही करायला कोणी धजेना, तेव्हा त्यांनी कागदावर वाटी उपडी ठेवून पेन्सिलीने गोल काढला.

"हेच्या भोवतीन सह्या करा गो. गोलाक पयलो नंबर नसता."

दुसऱ्या दिवशी मालकाने तो कागद माझ्यापुढे टाकला आणि सुरुवात कोणी केली ते विचारलं. मला सगळं ठाऊक होतं. कागद दोनदा फिरवून मी म्हणालो, कळत नाही. शौर्य वगैरे काही नाही. घरी बायकोला तोंड दाखवायचं होतं.

पुढे युनियन नोंदली गेली, काढलेली बाई कामावर आली. पहिल्या सभेत सगळ्यांनी आग्रह करूनही मामा बोलायला उठले नाहीत. परतताना स्कूटरवर मी विचारलं, आज रेडीचा संप कसा राहिला?

"थंय आमच्या मुकादमान मालकाक नाव सांगल्यान होता, जावयबापू," मामा मागून म्हणाले. "माझो सोबती परत कधी कामाक लागाक नाय. तां मिया भाषणात कधी घालूक नाय."

मग ते त्या सोबत्याबद्दल बोलू लागले. तो कसा हसायचा, भाकरीचा पहिला तुकडा कसा दुसऱ्याला द्यायचा. आमच्या घराचा फाटा आला, तरी मी स्कूटर वळवली नाही.