लाल्याचे साक्षीदार

हरणाबाईचा दिवस पहाटे चारला सुरू व्हायचा. भाकऱ्या थापून, फडक्यात बांधून ती उजाडायला तासगावजवळच्या शंभूराजच्या बेदाणा शेडवर हजर असायची. मूळची माण तालुक्यातली, बायकांच्या टोळीची मुकादम. द्राक्षं तोडणं, द्रावणात बुडवणं, जाळीवर पसरणं, सगळं तिच्या टोळीकडं. तिनं पसरलेली जाळी दुसऱ्या कुणाला सारखी करावी लागत नसे. मी त्या शेडवर क्रेट उचलायचो, म्हणून सांगतो.

लाल्या हा शंभूराजच्या घरचा कुत्रा. त्याच्या मुलीनं, सोनियानं पाळलेला. गाडीत पुढच्या सीटवर बसायचा. सोनिया लग्न होऊन साताऱ्याला गेली, तसा लाल्या शेडवर आला आणि साखळीला लागला. पुढं म्हातारा झाला, भुंकेना. पावसाळ्यात शंभूराजनं त्याला टेंपोत घालून कवठे महांकाळच्या पुढं माळावर सोडलं. तो परत टेंपोत चढायला लागला तेव्हा त्याच्या पुढच्या पायावर लोखंडी नळी घातली. हे टेंपोच्या ड्रायव्हरनं हरणाबाईला सांगितलं. "मी सांगितलं असं सांगू नका," हेही त्यानं सांगितलं.

प्रत्येक सुट्टीला ती एसटीनं जाऊन माळ हुडकायची. महिन्याभरानं एका ढाब्यामागं लाल्या सापडला. पाय वाकडाच जुळला होता. मिरजेचे जनावरांचे डॉक्टर म्हणाले, हाड परत मोडून सळई घालावी लागेल. खर्च तिच्या एका हंगामाच्या मजुरीएवढा.

ती पोलीस ठाण्यात गेली. शंभूराजला बोलावलं गेलं.

"सोडून दिल्याला दंड पन्नास रुपये," हवालदार म्हणाला. "पाय मोडल्याला तुरुंग हाय, पण साक्षीदार लागतो, मावशी."

साक्षीदार टेंपो घेऊन कोल्हापूरला गेला होता.

शंभूराजनं पाचशेची नोट काढली. "सुट्टे न्हाईत. पुढच्या नऊ कुत्र्यांचं जमा धरा."

दंड कोर्टात भरायचा असतो, असं हवालदारानं सांगितलं. नोट परत खिशात गेली.

दोन ऑक्टोबरच्या ग्रामसभेत हरणाबाई उभी राहिली. पाळलेलं कुत्रं सोडणाऱ्याला आणि मारणाऱ्याला कडक शिक्षा व्हावी, असा ठराव तिनं मांडला. ठराव मंजूर झाला. तो वर गेला. अजून वरच आहे.

जानेवारीत द्राक्षं गोडीला आली आणि शंभूराजचा निरोप आला. हरणाबाईनं टोळी पाठवली नाही.

"मावशी, लाल्याचा पाय मजुरीनंच बरा हुणार न्हवं?" टोळीतली रुक्सार म्हणाली. "मग मजुरी सोडून कसं चालंल?"

"पाय थांबंल."

दुसरी टोळी मिळेना, आभाळ भरून येऊ लागलं. शंभूराज स्वतः तिच्या दारात आला.

"ऑपरेशनचा खर्च मी देतो, चला."

"न्हाई, मालक. तुमी दिलं की त्यो दंडच झाला. वाईच मोठा."

"मग काय पायजे?"

"केलं ते ग्रामसभेत सांगा. दुसऱ्या दिवशी टोळी येती."

सव्वीस जानेवारीला शंभूराज उभा राहिला. "माझ्याकडनं एक कुत्रं माळावर सुटलं. चूक झाली."

"सुटलं न्हाई, सोडलं," हरणाबाई म्हणाली.

"सोडलं."

"नळी ऱ्हायली."

त्यानं खिडकीतून आभाळाकडं बघितलं. "एक नळी घातली पायावर. बास?"

"बास."

दुसऱ्या दिवशी टोळी शेडवर हजर होती. हंगामभर एक घड वाया गेला नाही. शेवटची जाळी झाडून मजुरी हातात पडली, तेव्हा हरणाबाई सगळ्या बायकांना घेऊन पोलीस ठाण्यात गेली.

"साक्षीदार आणल्यात," ती हवालदाराला म्हणाली.

"कुठं हायत?"

"बाहेर. बसायला जागा करा, पाय दुखत्यात त्यांचं."

सगळ्यांनी ग्रामसभेत ऐकलेलं सांगितलं. आपला टेंपोचा ड्रायव्हरही त्या दिवशी कोल्हापूरला गेला नव्हता; त्यानं डोळ्यांनी बघितलेलं सांगितलं.

संध्याकाळी शंभूराज तिच्या दारात आला. "मावशी, दगा केला तुमी."

"कामात काय कमी पडलं का?"

"न्हाई."

"मग."

केस चालू आहे. तारखेला शंभूराज वकील घेऊन येतो, ती टोळी घेऊन जाते. त्या हंगामाची मजुरी मिरजेला गेली आणि लाल्याच्या पायात सळई बसली. उरलेल्यात तिला घरावर पत्रा घालायचा होता. उरलं नाही.