मिस्त्रींची पहिली फेरी

नवा पार्ट हातात आला की मिस्त्री आधी त्यावर कानस ओढायचे. कानस घसरली तर माल चांगला. लोण्यात शिरावी तशी शिरली की पार्ट परत डब्यात. "डब्बा अस्सल हाय, भाऊ. आत निस्तं कच्चं लोखंड हाय."

पन्नास-पंचावन्न सालची गोष्ट. धानोऱ्याला मी एका लाकूड ठेकेदाराची मोटार चालवत असे. लढाईच्या आधीची विलायती गाडी. तिचे सामान यायचे केव्हाच बंद झाले होते आणि नागपूरच्या बाजारात त्याच्या हुबेहूब नकला मिळत. बुश आठवड्यात झिजायचा, गॅस्केट दुसऱ्याच दिवशी फुटायचे. मोहाच्या झाडाखाली मिस्त्री तेच तेच काम पुन्हा करायचे आणि मी पाने-पकडी हातात देत बसायचो. पुढे पुढे तर आम्हाला रागावायचाही कंटाळा आला.

पार्ट बसवला की हात पुसून मोकळे होणारे मिस्त्री तुम्हीही पाहिले असतील. आमच्या मिस्त्रींचा नेम वेगळा होता. नकली माल लावावाच लागला, तर पहिल्या फेरीला ते स्वतः फूटबोर्डवर उभे राहून यायचे. परतल्यावर बायकोसुद्धा त्यांना ओळखत नाही, इतकी धूळ खातात, असे आम्ही चिडवायचो.

"मी लावलं, तं मीच पाहीन," एवढेच ते म्हणायचे.

एका उन्हाळ्यात मागचा अ‍ॅक्सल मोडला. नवा आला, त्यात कानस शिरली, मिस्त्रींनी तो बाजूला टाकला. त्याच दुपारी ठेकेदाराच्या लाकूड डेपोच्या चौकीदाराची सून बाळंतपणात अडली. सुईणीने हात टेकले. दवाखाना गडचिरोलीला, आणि गावात मोटार एवढी एकच.

"मिस्त्रीभाऊ, तोच लावा," मी म्हणालो.

"मोडन तो."

"मोडन तवा मोडन. पोरीकडं पाहा ना!"

त्यांनी तो लावला आणि मागच्या चाकाजवळ फूटबोर्डवर उभे राहिले. बैलगाडीच्या चालीने आम्ही पोहोचलो. पोरगी वाचली, लेकरूही वाचले.

परतताना गाडी रिकामी होती. "आता तरी आत बसा," मी म्हणालो. "धूळ काऊन खाऊन राह्यले?"

"फेरी कुठी पुरी झाली? जाणं-येणं मिळून फेरी."

मी हसलो. धानोरा जवळ आले आणि अ‍ॅक्सल मोडला. चाक निघाले, गाडी ते उभे होते त्याच अंगाला कलंडली.

मी त्यांना कसेबसे गाडीखालून बाहेर ओढले, डोके मांडीवर घेतले.

"जातानी टिकला ना?" ते म्हणाले. "बस झालं मंग."

पुढे ते बोलले नाहीत. तो अ‍ॅक्सल मी लावायला लावला होता, हे मला आजही गिळवत नाही.

महिन्याभराने गडचिरोलीहून दुसरा मिस्त्री आला. त्याने डब्यातून नवा अ‍ॅक्सल काढला, बसवला, हात पुसले आणि म्हणाला, "ने आता."

मी गाडी सुरू केली आणि मागच्या चाकाजवळ फूटबोर्डवर कोणी चढेल म्हणून तसाच थांबून राहिलो.