एका जाकिटातले वैमानिक

"काच पुसताना श्वास रोखायचा, गेलेल्या माणसांना आपली वाफ नको असते," काचमावशी एकदा म्हणाल्या होत्या.

संग्रहालयाच्या मागच्या खोलीत त्यांची उभी हयात गेली. खोलीला एकच खिडकी, तीही काळ्या कागदाने बंद केलेली. टेबलाच्या दुधी काचेखाली दिवा, आणि त्या उजेडावर काचेच्या जुन्या निगेटिव्ह. त्यांत सैनिक असत: काळ्या चेहऱ्यांची, पांढऱ्या केसांची पोरं, लढाईवर जाण्याआधीच म्हातारी झालेली. मावशी मऊ ब्रशने धूळ झाडत, कोपरे कापसाने टिपत आणि तोंडातल्या तोंडात त्यांना समजावत, "हलू नको रे बाबा, झालंच."

त्यांचे स्वतःचे वडील त्या तान्ह्या असतानाच गेले. मागे राहिला तो एक फोटो. चामडी जाकीट, कपाळावर चढवलेला गॉगल, नजर कुठेतरी वर. आईला कामावरून यायला उशीर व्हायचा, तेव्हा थोरली बहीण धाकटीची वेणी घालता घालता त्या फोटोकडे बोट दाखवायची. म्हणायची, "वैमानिकाच्या पोरी रडत नाहीत." एवढ्या एका वाक्यावर मावशी वाढल्या. शाळेत, दवाखान्यात, आईला स्मशानात पोहोचवून परतताना, त्यांनी तेच धरून ठेवलं.

म्हणून सैनिकांच्या आणि पहिल्या लष्करी वैमानिकांच्या फोटोंचं प्रदर्शन ठरलं, तेव्हा घरातली फ्रेम त्यांनी स्वतः आणून दिली. वैमानिकांच्या भिंतीवर तिला मधली जागा मिळाली. त्यासाठी दुसरा एक फोटो काढावा लागला, विमानासकट जळालेल्या एका तरुणाचा. त्याचा तेवढाच होता आणि पुसट होता. लोकांना त्यात काही दिसणार नाही, असं संग्रहालयाच्या प्रमुख बाईंचं म्हणणं पडलं.

उद्घाटन तोंडावर आलं असताना, कधीच बंद पडलेल्या एका स्टुडिओची खोकी मावशींनी उघडली. पहिल्या काचेतला वैमानिक अनवाणी होता. दुसऱ्याच्या जाकिटाखालून बेकरीचा एप्रन लोंबत होता. दोघांच्या अंगावर जाकीट तेच, खिशाखाली फाटलेलं. वडिलांच्या फोटोतही तेच जाकीट होतं. फक्त तिथे फाटलेली जागा शिवलेली होती.

फ्रेमा करणारा सुतार मागून डोकावला. "जाकीट एक आणि शूर किती हो मावशी! काटकसरीचं हवाई दल म्हणायचं."

मावशी हसल्या नाहीत. सुताराची नजर जाकीट ताडून बघायला भिंतीवरून आणलेल्या त्यांच्या घरच्या फ्रेमवर गेली आणि त्याने जीभ चावली.

शेवटच्या खोक्यात धावपट्टीकडेच्या छपरीची एक काच होती. विमानाच्या पंखाचा सांगाडा, त्यावर ताणून बसवलेलं कापड, आणि पंखाखाली मांडी घालून बसलेला एक शिंपी, दातांत दोरा. मावशींनी भिंग धरलं. पंखावरचे तिरपे टाके आणि जाकिटावरचे टाके एकाच हाताचे होते. चेहरा ओळखायला त्यांना भिंग लागलं नाही.

"स्टुडिओवाल्याचं जाकीट शिवून दिलं असेल," सुतार हळूच म्हणाला. "बदल्यात त्यानं फोटो काढला असेल. मी विमान उडवतो, असं काही तुमचे वडील सांगत फिरले नसतील."

"नसतीलच. पण आता ताईला काय सांगू?"

सगळं कळल्यावर प्रमुख बाई म्हणाल्या, "राहू द्या ना मावशी. कुणाचं काय बिघडतंय? ताई सत्तरीला टेकल्या. या वयात त्यांना कशाला दुखवायचं?"

"तो जळालेला पोरगा खोक्यात पडलाय, आणि त्याच्या जागेवर माझे बाबा उभे आहेत," मावशी म्हणाल्या. "त्याच्या वतीनं भांडायला कुणी येणार नाही."

उद्घाटनाच्या दिवशी सकाळी त्यांनी फोटो बदलले. पुसट तरुण मधल्या खिळ्यावर आला. शिंप्याचा फोटो मोठा करून त्यांनी शेजारच्या भिंतीवर लावला. ठोकताना पहिला खिळा वाकला. दुसरा त्यांनी सुताराकडून ठोकून घेतला.

ताई आल्या. कडक इस्त्रीचे कपडे, हातात काठी. सरळ वैमानिकांच्या भिंतीकडे निघाल्या, तशी मावशींनी त्यांचा दंड धरला.

"ताई, आधी इकडे ये. एक सांगायचंय."

ताई छपरीच्या फोटोपुढे उभ्या राहिल्या, इतक्या जवळ की काचेवर वाफ धरली.

"हे बाबा," मावशी म्हणाल्या. "ते विमान उडवत नव्हते गं. पंख शिवायचे."

"मला काय सांगतेस? डबा घेऊन मीच जायचे की तिथं. ह्या खांबाला टेकून बसायचे, त्यांचं खाऊन होईपर्यंत."

मावशींच्या हातून दंड सुटला.

"तू फ्रेम द्यायला निघालीस तेव्हा अगदी ओठांवर आलं होतं," ताई फोटोकडे बघत म्हणाल्या. "पण तू इतकी खूश होतीस. आणि लहानपणी तू एकदा रडायला लागलीस की थांबायचीच नाहीस. मी तरी काय करणार? शिंप्याच्या पोरी रडत नाहीत, म्हटल्यावर कुणी गप्प बसतं का?"

मावशींनी खिशातलं मऊ फडकं काढलं. श्वास रोखून काचेवरची वाफ पुसली. फडकं ताईंच्या हातात ठेवलं. मग ओल्या गालांनी, माणसांमधून वाट काढत, त्या पुसट तरुणासमोरून त्या बाहेर निघून गेल्या.